जळकुकड्याची ट्रॉफी

कुवेतमधला मराठी माणूस अडीअडचणीला रक्त देईल, गाडी देईल, भर ट्रॅफिकमधून तुम्हाला विमानतळावर सोडायला येईल. पण आपल्या सामानातले किलो देणार नाही. वर्षातून एकदा गावी जायचं, येताना तीस किलो आणायचे, आणि त्या तीस किलोंत आईचं लोणचं, बहिणीचे लाडू, वर्षभराचा मसाला यांची मारामारी. कुणी "एक छोटंसं पाकीट आणशील का रे?" म्हटलं की भलेभले फोन उचलत नाहीत. हे ठाऊक असल्याशिवाय ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी देवेंद्रला एवढं का झोंबलं, ते कळायचं नाही.

मिरकाबमधल्या देवेंद्रच्या जुन्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. बेल वाजली म्हणून देवेंद्रने दार उघडलं, तर समोर जयदीप. खांद्यावर दोरीने बांधलेलं खोकं, शर्ट घामाने भिजलेला, तीन जिने चढून आलेला. तो शुऐबाच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता, एकटाच राहायचा आणि देवेंद्रच्या बायकोच्या, अक्षराच्या, शनिवारच्या वाचनाला नेमाने यायचा. नुकताच सांगलीहून सुट्टी संपवून परतला होता.

"मॅडमचे कागद," तो म्हणाला आणि खोकं हॉलमध्ये टेकवून बाजूला झाला. "सव्वीस किलो भरले."

म्हणजे गडी स्वतःसाठी चार किलो घेऊन आला होता. चार किलोंत माणूस काय आणतो? दोन शर्ट आणि दाढीचं सामान.

त्या खोक्यात अक्षराच्या अर्धवट राहिलेल्या पीएचडीची टिपणं होती. मध्ययुगातल्या युरोपातले प्रेमवीर सरदार हा तिचा विषय. कोल्हापुरात तिच्या भावाच्या, उदयच्या, माळ्यावर ते खोकं एकोणीस वर्षं पडून होतं. दर सुट्टीत ती म्हणायची, "या वेळी ते खोकं आणू या." दर सुट्टीत देवेंद्र म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." त्याच्या मनात खोट नव्हती हो, किलो उरत नव्हते, एवढंच. आणि आता हा कोण कुठला इंजिनीअर सांगलीहून वाकडी वाट करून कोल्हापूरला जातो, उदयकडून खोकं उतरवून घेतो आणि दारात आणून ठेवतो! उदयचा नंबर त्याला अक्षरानेच दिला होता, हे देवेंद्रला रात्री जेवताना कळलं आणि त्याने ताट बाजूला सारलं.

अक्षराने मात्र त्या दिवशी जयदीपला साधं "थँक यू"सुद्धा म्हटलं नाही. ती खोक्याजवळ जमिनीवर बसली, दोरी सोडली आणि वरच्या वहीवरून हात फिरवला. देवेंद्रने तिचा तो चेहरा बघितला. आपण आणलेल्या कुठल्याही वस्तूकडे, अगदी पंचविसाव्या मजल्यावरच्या हॉटेलात नेऊन दिलेल्या हिऱ्याच्या कुड्यांकडेही, तिने असं बघितलं नव्हतं. तिथून त्याच्या जळण्याला सुरुवात झाली.

शनिवारी सकाळी दहाला वाचन असे. आठदहा माणसं हॉलमध्ये दाटीवाटीने बसत आणि देवेंद्र चहा करी. तो एका बँकेत कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळायचा. साहित्याशी त्याचा संबंध चहापुरताच. पण खोकं आल्यापासून तो स्वयंपाकघराच्या दाराशी कान देऊन उभा राहू लागला. चहा दोनदा उतू गेला.

अक्षरा सांगायला लागली की ऐकत राहावं असं सांगायची. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे ते शिलेदार. ज्याचा स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, आणि ज्याची भक्ती एका स्वामिनीवर. ही स्वामिनी बहुतेक वेळा दुसऱ्याची बायको, किल्लेदाराची नाहीतर राजाची. शिलेदाराने तिच्याकडे काही मागायचं नाही. तिचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. तिने दिलेली एखादी ओढणी, एखादी अस्तनी चिलखतावर बांधायची आणि झुंजीच्या मैदानात उतरायचं. झुरून त्याने पांढरंफटक पडावं, अन्न गोड लागू नये, आणि तरी तोंडातून ब्र काढू नये.

देवेंद्रने ट्रेच्या आडून जयदीपकडे पाहिलं. जयदीप बाल्कनीच्या दाराशी बसून कारखान्याच्या पॅडवर टिपून घेत होता. अक्षराकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर देवेंद्रला राग आलाच असता. बघत नव्हता म्हणून जास्त आला. तो तिला नुसतं 'मॅडम' म्हणायचा. नाव घेत नव्हता! उपमा मात्र त्याने दोनदा मागून घेतला, तेवढाच देवेंद्रला दिलासा.

"आणि नवरा?" सुनंदाताईंनी विचारलं. त्या वाचनातल्या सगळ्यात ज्येष्ठ, आणि प्रश्न विचारण्यात सगळ्यात पुढे.

"नवऱ्याला त्या गाण्यांमध्ये नावच नसतं," अक्षरा हसत म्हणाली. "गाणाऱ्याचं नाव असतं, स्वामिनीला लाडाचं एखादं खोटं नाव असतं. नवऱ्याला नुसतं 'तो जळणारा' म्हणतात. आपल्याकडे म्हणायचं तर जळकुकडा."

सगळे खो खो हसले. नेमका त्याच वेळी देवेंद्र चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आला. हसू आणखी वाढलं. तोही हसला, न हसून सांगतो कुणाला? पण कप ठेवताना जयदीपच्या बशीत निम्मा चहा सांडला, आणि तो हात चुकून हलला होता असं मी तरी म्हणणार नाही.

त्यानंतर देवेंद्रचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. अक्षरा फोनवर बोलताना बाल्कनीत गेली की तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा. तिच्या वह्या ती अंघोळीला गेल्यावर उघडून बघायचा. त्यात जयदीपचं नाव सापडायची शक्यताच नव्हती, वह्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या; पण जळणाऱ्या माणसाला तारखा दिसत नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीला, उर्वीला, त्याने एकदा विचारलंसुद्धा, "हे जयदीपकाका तुला कसे वाटतात?" ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, ही इज फाइन. यू आर बीइंग वीअर्ड."

अशात मराठी मंडळाची बॅडमिंटन स्पर्धा आली. पंचेचाळिशीपुढच्या पुरुषांच्या गटात देवेंद्र दर वर्षी खेळायचा आणि दर वर्षी उपांत्य फेरीत गारद व्हायचा. या वर्षी यादीत जयदीपचं नाव दिसलं. देवेंद्रचा उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता, डॉक्टरने सांभाळून राहायला सांगितलं होतं. त्याने दुसऱ्याच दिवसापासून पहाटे उठून सरावाला जायला सुरुवात केली. अक्षरा म्हणाली, "गुडघ्याचं काय?" तो म्हणाला, "काही होत नाही."

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात त्याने जयदीपला सराव करताना पाहिलं आणि पायाखालची फरशी सरकली. जयदीपच्या रॅकेटच्या मुठीला मोरपंखी पट्टी गुंडाळलेली होती. अक्षराची एक ओढणी अगदी तशाच मोरपंखी रंगाची. घरी येऊन त्याने कपाट उचकलं, ओढणी सापडेना. तो तसाच गाडी काढून राई भागातल्या बदरुद्दीनभाईंच्या दुकानात गेला. बदरुद्दीनभाई मूळचे राजापूरचे; रॅकेटच्या ताती ओढून द्यायचं त्यांचं काम, आणि मंडळाच्या स्पर्धेत पंचही तेच.

"ती जयदीपच्या रॅकेटची पट्टी," देवेंद्रने उगाच दुसरीकडे बघत विचारलं, "ती कुठून आणली त्याने?"

"माझ्याकडून, आणि कुठून?" बदरुद्दीनभाईंनी काउंटरखालून मोरपंखी पट्टीचं भलंमोठं भेंडोळं काढून आपटलं. "चुकून हाच रंग आला हो सगळा. दोन महिने झाले, कोणी आला की हीच बांधतो. तुम्हाला बांधू?"

देवेंद्रला इतकं हलकं वाटलं की त्याने लगेच रॅकेट पुढे केली. ओढणी त्याच संध्याकाळी इस्त्रीवाल्याच्या गठ्ठ्यातून परत आली. एखाद्या शहाण्या माणसाने इथे थांबून स्वतःला दोन शिव्या घातल्या असत्या. देवेंद्रने फक्त मनात नोंद केली की ही खूण खोटी निघाली, आता दुसरी शोधायला हवी.

ती त्याच शनिवारी, आयतीच, चहाबरोबर मिळाली. म्हणजे तेव्हा ती खूण आहे हे त्याला कळलं नाही.

अक्षरा कसोट्यांबद्दल सांगत होती. शिलेदाराला राक्षस मारायला सांगणं ही सोपी कसोटी, ती म्हणाली. मारला की नाव होतं, गाणी होतात. खरी अवघड कसोटी वेगळीच. भर मैदानात, सगळं गाव बघत असताना, तो जिंकत असताना, स्वामिनी निरोप पाठवते: हर. आणि त्याने हरायचं. लोक हसतील, भेकड म्हणतील, तरी हरायचं.

"तो विचारत नाही, का म्हणून?" जयदीपने विचारलं. सहा महिन्यांत त्याचा हा पहिला प्रश्न.

"विचारलं की संपलं," अक्षरा म्हणाली. "कारण पटलं म्हणून हरला, तर तो त्या कारणासाठी हरला. तिच्यासाठी नाही."

सुनंदाताई म्हणाल्या, "असे पुरुष पुस्तकातच." सगळ्या बायका हसल्या. अक्षरा हसली नाही, ती वही मिटत होती.

स्पर्धा शुक्रवारी सकाळी. राईतल्या एका जुन्या गोदामात चार कोर्टं आखलेली, वर पत्रा, बाजूला मोठे पंखे. आणि या वर्षी चमत्कारच झाला म्हणायचा, देवेंद्र उपांत्य सामना जिंकला. अंतिम सामन्यात समोर अर्थात जयदीप. दोघांच्याही मुठीत मोरपंखी पट्टी.

पहिला गेम जयदीपने एकवीस-बारा असा सहज घेतला. तो उंच होता, पल्ला मोठा होता, आणि खेळताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. देवेंद्र मात्र प्रत्येक फटक्याला दात-ओठ खात होता. दुसऱ्या गेममध्ये जयदीपचे अकरा-सहा झाले तोवर देवेंद्रचा गुडघा सुजला होता. एकदा तर तो नेटजवळ वाकला आणि त्याला उठताच येईना, रॅकेट टेकून उठावं लागलं. बाकावरून कुणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणालं. ते ऐकून त्याला मरण बरं वाटलं.

अकरा गुणांना मिनिटभराची विश्रांती असते. देवेंद्र खुर्चीत बसून गुडघ्यावर बर्फ धरत होता. अक्षरा बाकावरून उठली. ती पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे आली, त्याच्या हातात बाटली दिली, गुडघ्याकडे पाहिलं. परत जाताना मात्र ती कोर्टाच्या पलीकडच्या बाजूने गेली. जयदीप टॉवेलने मान पुसत उभा होता. त्याच्याजवळ ती क्षणभर थांबली. एखादा शब्द बोलली असेल नसेल. जयदीपने तिच्याकडे बघितलं नाही, फक्त टॉवेल खाली ठेवला.

मग खेळाचं वारंच फिरलं. जयदीपचे उंच फटके रेषेबाहेर पडू लागले. त्याची सर्व्हिस नेटमध्ये अडकू लागली. शटलचं सोपं फूल हवेत तरंगत यावं आणि त्याने ते वीतभर बाहेर मारावं. देवेंद्रला वाटलं, बर्फ लागू पडला. वाटलं, पहाटेचे सराव आता फळाला आले. सतराला सतरा झाले तेव्हा लोक ओरडायला लागले, "देवेंद्र! देवेंद्र!" आणि त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दुसरा गेम एकवीस-सतरा. तिसरा एकवीस-सोळा.

शेवटचं फूल जयदीपने नेटमध्ये घातलं आणि देवेंद्रने रॅकेट हवेत उडवली. उर्वी धावत आली, "डॅड, यू वॉन!" म्हणून तिने त्याला मिठी मारली. त्याने मान वळवून आधी अक्षराकडे पाहिलं, ती टाळ्या वाजवत होती. मग जयदीप नेटखालून हात पुढे करत आला.

"अभिनंदन," तो म्हणाला.

त्याचा तो चेहरा देवेंद्र आयुष्यात विसरणार नव्हता. सगळ्या सामन्यात पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. हरलेल्या माणसाचा ओशाळेपणा नव्हे. तो आनंदात होता. परीक्षेत पहिला आलेला पोरगा जसा लपवू पाहतो आणि लपत नाही, तसा आनंद.

ट्रॉफी दिली गेली, फोटो झाले. बदरुद्दीनभाई पंचाच्या उंच खुर्चीवरून उतरून जवळ आले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "मुबारक, देवेंद्रभाई. तीस वर्षं हा खेळ बघतोय. पण हा जयदीप डोळे मिटून मारतो ते पण आत पडतं. आज काय झालं त्याला, अल्लाह जाणे."

देवेंद्रच्या हातातली ट्रॉफी एकदम जड झाली. टॉवेल. अक्षरा त्याच्याजवळ थांबली तो क्षण. हर. भर मैदानात, सगळं गाव बघत असताना. त्याला खरी खूण मिळाली होती, आणि ती त्याच्याच हातात होती, तिच्यावर त्याचंच नाव कोरलं जाणार होतं. दोन महिने तो वह्या चाळत होता, कपाटं उचकत होता; आणि पुरावा हा असा, चकचकीत, दोन कानांचा, सगळ्यांच्या टाळ्यांत त्याला बहाल झाला होता.

उर्वी मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये गेली. गाडीत दोघंच उरली. जुम्म्याची नमाज नुकतीच सुटली होती, मशिदींपुढून गाड्या निघत होत्या आणि चौथ्या रिंग रोडवर सगळं मुंगीच्या गतीने चाललं होतं. ट्रॉफी मागच्या सीटवर होती. ब्रेक दाबला की ती लवंडायची.

"तू त्याला काय म्हणालीस?" देवेंद्रने विचारलं.

त्याला वाटलं होतं ती विचारेल, कुणाला. ती तसली नव्हती.

"हरा, म्हणाले."

"का?"

"तुझा गुडघा बघवेना. आणि तुझा चेहरा तर दोन महिने बघवत नाहीये. वाटलं, एकदा जिंकलास तर निवशील."

"आणि तो हरला."

"हरला."

"'का म्हणून' विचारलं नाही त्याने."

"नाही विचारलं."

पुढची गाडी सरकली, याची सरकली नाही. मागून हॉर्न वाजले. त्याने गाडी पुढे घेतली. "त्याचं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. हे वाक्य दोन महिने पोटात होतं.

"असेल," अक्षरा म्हणाली. "आहे. मला कळतं ते. तो कधी काही बोलला नाही, बोलणारही नाही. मी त्याला काही दिलं नाही आणि देणारही नाही. आज मी तिथे तुझ्यासाठी उठले, देवेंद्र. त्याच्यासाठी नाही."

एखाद्याला एवढं पुरलं असतं. पण देवेंद्रच्या डोळ्यांसमोरून नेटजवळचा तो चेहरा हलेना. त्याला कळत होतं की आता त्याला बायकोबद्दल शंका नव्हती. जळत होता तो वेगळ्याच गोष्टीवर. कुणीतरी आपल्याला हर म्हणावं, आणि आपण हरावं, आणि हरून इतकं सुखी व्हावं, हे त्या माणसाला मिळालं होतं. ते त्याला, नवऱ्याला, वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

"मला का नाही कधी सांगितलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता लहान पोराची कुरकुर होती. "मला सांगायचं. मीही हरलो असतो. तुझ्यासाठी हरलो नसतो मी?"

अक्षरा खिडकीबाहेर बघत होती. मिरकाबचं वळण आलं, त्यांच्या इमारतीशेजारची वाळूची मोकळी जागा आली, त्याने गाडी लावली. इंजिन चालूच ठेवलं, एसीसाठी.

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "कोल्हापूरच्या घरी. तुझा इथला व्हिसा आला त्या आठवड्यात. माझी शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. मी म्हटलं होतं, हे एक वर्ष जाऊ दे."

देवेंद्रला आठवलं. आठवायला काही कष्ट पडले नाहीत, म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं. ती ओट्याशी उभी होती. तो तिला समजावत होता. अशी संधी पुन्हा येत नाही. वाचन काय, कुठेही होतं. तीन संध्याकाळी त्याने तिला कारणं सांगितली आणि तिच्याकडून तिची कारणं मागितली, एकेक करून. तिच्याजवळ एकच होतं, आणि ते त्याने तिसऱ्या संध्याकाळी खोडून काढलं. चौथ्या दिवशी त्याने पेढे आणले.

"तू 'का म्हणून' विचारलंस," अक्षरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर त्याला धरायला काहीतरी झालं असतं. "आणि मग तूच जिंकलास. तेव्हाही."

एसी घरघरत राहिला. समोर इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, पाण्याचा पाइप ओढत फरशी धूत होता.

"मग आता सांग," देवेंद्र म्हणाला. "आता काहीतरी सांग. काहीही. 'का म्हणून' विचारणार नाही."

अक्षराने त्याच्याकडे पाहिलं. तिने खरोखर विचार केला, हे त्याला दिसलं. तिने डोळे बारीक करून, बाजाराची यादी आठवावी तसं मनात शोधलं. त्याच्यासाठी काही सापडतंय का, ते बघितलं.

"नाही रे," ती म्हणाली. "आता काही नाही."

ते तिने अगदी मायेने सांगितलं. तिने पायाशी पडलेली पाण्याची बाटली उचलली, त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून "सावकाश ये, लिफ्ट बंद आहे" म्हणाली, आणि उतरून गेली.

देवेंद्रने इंजिन बंद केलं, मागच्या सीटवरून ट्रॉफी काढली आणि एकेक पायरी चढत ती तीन जिने वर नेली.